ही तीच गाडी का?

मंडळी, जुन्या रेसिंग गाड्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, किंमत किती? सांगून टाकतो म्हणजे डोक्यातून जाईल. १९६२ची एक फेरारी २५० जीटीओ २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. आता एवढे पैसे मोजणाऱ्याला एकच गोष्ट पक्की हवी असते, की ही तीच गाडी.

पण 'तीच' म्हणजे कुठली? यावरून १९९० साली लंडनच्या हाय कोर्टात अख्खी केस उभी राहिली. गाडी होती बेंटली स्पीड सिक्स, 'ओल्ड नंबर वन', १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मां ही फ्रान्समधली चोवीस तासांची रेस जिंकलेली. सौदा ठरला १ कोटी पौंडाला आणि मग घेणारे म्हणाले, ही खरी नाहीच, आम्ही घेत नाही. म्हणजे त्यांचंही अगदीच चूक नव्हतं हो, कारण १९३२ला त्या गाडीत ८ लिटरचं मोठं इंजिन बसवलं, त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या रेस ट्रॅकवर बँकिंगवरून, म्हणजे वळणाच्या तिरप्या चढावरून, ती बाहेर गेली, ड्रायव्हर क्लाइव्ह डन्फी त्यात गेला, मग गाडी परत बांधली, बॉडी बदलली, असं करत करत १९२९चे पार्ट्स अगदी थोडे उरले होते. तरी जज ओटननी निकाल दिला विकणाऱ्याच्या बाजूने. त्यांचं म्हणणं असं की गाडी जशीच्या तशी कुणी म्हणू नये, पण तिचा प्रवास कुठेही तुटलेला नाही आणि या नावावर हक्क सांगेल अशी दुसरी बेंटली जगात नाही. मला हा निकाल पटतो, खूप जणांना पटत नाही, चहाच्या वेळी भांडू.

रेसिंग गाडी ही मुळात वापरून झिजवायची वस्तू. रविवारी ठोकली की सोमवारी टीमचे मेकॅनिक दुसऱ्या गाडीचा एक्सल काढून हिला लावणार, इंजिन तर सारखंच बदलणार. त्यात भर म्हणजे कस्टमची कागदपत्रं, एका गाडीचे कागद तयार असले की दुसरीला तीच चॅसी प्लेट, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा नंबर असलेली पट्टी, ठोकून बॉर्डर पार करायचे प्रकारही झालेत. म्हणून नुसत्या प्लेटवर विश्वास ठेवू नका, प्लेट दोन स्क्रूवर असते.

मग बघायचं काय? चॅसीवर पंच केलेले आकडे. हाताने ठोकलेले आकडे थोडे वाकडेतिकडे असतात, आणि त्या कारखान्याच्या पंचाची विशिष्ट ठेवण असते, ४ उघडा का बंद, ७ची मान कशी, असलं सगळं. कुणी आकडा घासून नवा ठोकला असेल तरी जुन्या ठोक्याने आतला धातू दबलेला असतोच, ॲसिड लावलं की कधीकधी जुना आकडा वर येतो. मग वेल्डिंग, रिव्हेटची जागा, बुजवलेली भोकं, आणि हे सगळं त्या काळच्या रेसच्या फोटोंशी ताडून बघायचं. हे काम फार वेळखाऊ आहे पण सगळी मजा त्यातच आहे.

आणि इथेच रिस्टोरेशनवाले घात करतात. पत्रा पूर्ण खरवडायचा, नवा कोरा ॲल्युमिनियम, आरशासारखा पेंट, की झालं, पुरावा गेला भंगारात! खरं तर त्या गाड्या अशा चकचकीत कधी नव्हत्याच, नंबर घाईघाईत ब्रशने रंगवलेले असायचे. पेंटचा एक कोपरा तरी न घासता ठेवा, आणि काढलेला पार्ट फेकू नका, लेबल लावून ठेवा.

मोठ्या लोकांचंही चुकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियात गेलेली ऑटो युनियन टाइप डी ही एक जर्मन रेसिंग गाडी २००७ला पॅरिसमध्ये लिलावाला यायची होती, पण नेमकी कुठली चॅसी कुठल्या रेसमध्ये धावली यावर शंका निघाली आणि ती लिलावातून काढावी लागली.

आता उलटं उदाहरण. जॅग्वारने १९६३ साली लाइटवेट ई-टाइपसाठी, म्हणजे ई-टाइप स्पोर्ट्स कारच्या हलक्या रेसिंग रूपासाठी, १८ चॅसी नंबर राखून ठेवले, बनल्या १२. उरलेल्या ६ नंबरांच्या गाड्या कंपनीने २०१४मध्ये जाहीर करून बनवल्या. कारखानदार तोच, नंबरही तेव्हाचाच, फक्त त्या साठच्या दशकात एकही रेस धावलेल्या नाहीत. बेंटलीकडे इतिहास आहे आणि जुनं लोखंड नाही, हिच्याकडे नंबर आहे आणि इतिहास नाही. मला विचाराल तर ती जॅग्वार खरी, पण १९६३ची लाइटवेट म्हणून मी तिच्यावर सही करणार नाही.