लालबागची भाजणी, बिनसाखरेची सकाळ

[दृश्य : पहाट. चाळीची गॅलरी. एकाच खोलीत दिवा.]

पावणेसहा वाजलेत. करी रोडहून ठाण्याकडे जाणारी लोकल गाठायची, तर या ताईंच्या हाताशी पस्तीस मिनिटं आहेत. त्यातच अंघोळ, डबा, मुलीची वेणी आणि न्याहारी. मुंबईत न्याहारी बहुतेकदा उभ्याउभ्याच होते, आणि त्या घाईतच साखर आत शिरते. चहा, सोबत बिस्किटं, नाहीतर पावाला जॅम. काही कापायला नको, गॅसही एकदाच पेटवायचा.

[दृश्य : स्टीलचं ताट. चहाच्या चमच्याने साखरेच्या ढिगल्या.]

हे ताट बघा. ताई पूर्वी कपात दोन चमचे साखर घालायच्या. सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम मावतात, म्हणजे कपाला आठ. घरी सकाळी एक, ऑफिसात दोन, संध्याकाळी परत आल्यावर एक. चार कपांचे ३२ ग्रॅम. वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण सहा चमचे. इथे आठ ढिगल्या नुसत्या चहाच्याच आहेत. बिस्किटांची साखर अजून ताटात आलेलीच नाही.

[दृश्य : वाण्याचा काटा. पुडी भरते.]

आता महिन्याची साखर. तीस दिवसांचे ९६० ग्रॅम. एका माणसाच्या फक्त चहाला, जवळजवळ किलोची पुडी.

[दृश्य : पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं.]

साखर कमी करायची ठरवलं की पहिला मोह होतो तो दुसरं पाकीट आणायचा. पुढे मोठ्या अक्षरांत ‘मधयुक्त’, ‘गुळाचे’. पाकीट उलटा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, जो सर्वांत जास्त तो पहिला. साखर, मध, ग्लुकोज सिरप अशी नावं वेगवेगळ्या जागी विखुरली की प्रत्येक थोडं थोडं वाटतं, बेरीज मात्र तीच राहते. गूळही बहुतांशी साखरच. फळाचा रस काढला की चोथ्याबरोबर तंतू जातो आणि गोड पाणी पेल्यात उरतं. केळं, पेरू अख्खा खावा. दुधाची स्वतःची गोडी या हिशेबात धरत नाहीत.

[दृश्य : ताईंच्या सासूबाई. फळीवरून ॲल्युमिनियमचा डबा खाली येतो.]

या घराला नवं पाकीट लागलं नाही, कारण हा डबा आधीपासून फळीवर होता. झालं एवढंच की भाजणी फक्त पाहुणे आले की निघायची आणि रोजच्या सकाळी बिस्किटांचा पुडा.

[दृश्य : लोखंडी कढई. ज्वारी तडतडते.]

ज्वारी दोन वाट्या, बाजरी दोन, तांदूळ एक, गहू एक. हरभऱ्याची डाळ एक वाटी, उडीद अर्धी. धणे मूठभर, जिरे दोन चमचे. घरोघरी माप बदलतं, सासूबाईंचं हे. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण बाजरीला लागणारा वेळ डाळीला चालत नाही. आच मंद. ज्वारी फुटायला लागली की उतरवायची, तांदूळ पांढराफटक होऊन फुलला की तोही. उडीद गुलाबीसर झाला की झालं. पुढे गेला तर सगळं पीठ कडवट होतं. धणे-जिरे शेवटी, तापल्या कढईत, गॅस बंद करून.

आणि मग थांबायचं. हे भाजलेलं धान्य परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं. गरम दळलं तर वाफ धरते, पिठाच्या गुठळ्या होतात, डबा टिकत नाही.

[दृश्य : लालबागची गिरणी. पट्टा फिरतो. पांढरा धुरळा.]

लालबाग मुंबईला ठाऊक आहे मसाल्यांसाठी. डंखात, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रात, मिरच्या कुटल्या जातात, गल्लीतून जाताना ठसका लागतो. त्याच गल्ल्यांत या पिठाच्या गिरण्याही आहेत. सासूबाई डबा पुढे करतात आणि दर वेळी तेच सांगतात, “बारीक नको रे बाबा, जरा रवाळ ठेव.” गिरणीवाला पहिली मूठ बाजूला काढतो, आत आधीच्या दळणाचं पीठ असतं म्हणून. हात पिठाखाली धरून बघतो, चाक अर्धा फेरा सैल करतो. रवाळ भाजणीचं थालीपीठ खुसखुशीत होतं, घशाला चिकटत नाही.

धान्य आणि डाळ एकत्र असल्याने दोघांतली प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढतात. कोंड्यासकट दळल्यामुळे तंतू राहतो, पोट हळू रिकामं होतं. बिस्किटांवर निघालेल्याला दहाच्या सुमारास कॅन्टीन आठवतं, ते यामुळे टळतं. साखरेचा एक कण नाही. माझ्या मते मुंबईच्या सकाळीसाठी याहून सोयीचं पीठ नाही: भाजण्याचं काम महिन्यातून एकदा उरकलेलं असतं, सकाळी उरते ती फक्त थापणी.

[दृश्य : ओलं फडकं. गोळा थापला जातो. मधोमध बोटाने भोकं.]

कांदा आणि कोथिंबीर रात्रीच चिरून फ्रिजमध्ये. सकाळी भाजणीत तिखट, मीठ, हळद, तीळ, कोमट पाणी. ओल्या फडक्यावर थापायचं, भोकं पाडायची, तव्यावर उलटं टाकून फडकं सोडवायचं. भोकांत थेंब थेंब तेल, वर झाकण. तेल मोजून, एका थालिपिठाला एक चमचा. इथे हात सैल सुटला तर साखर गेली आणि तेल आलं, असं होतं. सोबत घरचं दही, साखर न घालता.

रोज थालीपीठच असतं असं नाही. मूग रात्री भिजवून सकाळी आलं-मिरचीसोबत वाटले की धिरडी होतात, आंबवावं लागत नाही. कधी दोन उकडलेली अंडी, कधी रात्रीची भाकरी कुस्करून दही-मीठ. पोहे असतातच, पण मोड आलेली मटकी आणि दाणे घालून, आणि पोह्यांवरची ती सवयीची चिमूटभर साखर सोडून.

[दृश्य : गवती चहाची जुडी. उकळतं पातेलं.]

चहा सुटला नाही, सुटायची गरजही नव्हती. ताईंनी दर आठवड्याला पाव चमचा कमी केला. दोन चमच्यांवरून शून्यावर यायला आठ आठवडे लागले. आलं आणि गवती चहा वाढवला. जीभ सावकाश शिकते, तिला तेवढे दिवस द्यावे लागतात.

[दृश्य : करी रोड. लेडीज डबा. खिडकीतला उजेड.]

सकाळी गर्दी मुंबईकडे येणारी असते, ताई उलट्या दिशेने जातात, त्यामुळे बसायला मिळतं. परळ, दादर, माटुंगा. शीवच्या आसपास डबा उघडतो. अर्धं थालीपीठ शेजारणीच्या हातात.

सहा महिन्यांत वजन साडेचार किलोंनी उतरलं; संध्याकाळी स्टेशनवरून घरी चालत येणंही त्यात धरायला हवं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर असा बदल डॉक्टरांना विचारून करा.

[दृश्य : रविवार. गॅलरी. ट्रेमध्ये दोन कप.]

डावीकडचा कप सासूबाईंचा. त्यात अजून एक चमचा साखर पडते. पूर्वी दोन पडायचे.