खेळाडूची पत आणि हार्लेमचा १२५वा रस्ता

श्रोतेहो, नमस्कार.

न्यूयॉर्क शहरात हार्लेम ही कृष्णवर्णीयांची जुनी आणि नामांकित वस्ती आहे, आणि १२५वा रस्ता ही तिची मुख्य बाजारपेठ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते या रस्त्यापासून पायी जाण्याइतके जवळ आहे. याच रस्त्यावर दोन थोर कृष्णवर्णीय खेळाडूंनी, पस्तीस वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या वाटांनी भांडवल आणले. आजचे भाषण प्रामुख्याने त्या दोघांविषयी आहे.

अमेरिकेतील श्रीमंत कृष्णवर्णीय खेळाडूंचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो: एवढे कोट्यवधी डॉलर मिळवतात, मग आपल्या वस्तीसाठी काय करतात? मला हा प्रश्न अपुरा वाटतो, कारण त्यात खेळाडूच्या खिशाकडे पाहिले जाते, वस्तीला किती पत आहे याकडे नाही. मराठीत 'पत' हा एकच शब्द समाजातील मानासाठीही वापरतात आणि कर्ज मिळण्याच्या योग्यतेसाठीही. या खेळाडूंना पहिली पत भरपूर मिळाली होती. त्यांच्या वस्त्यांना दुसरी पत पिढ्यानपिढ्या नाकारली गेली होती.

ही नाकारणी कागदोपत्री झाली होती. १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे तयार करवून घेतले आणि त्यांत प्रत्येक मोहल्ल्याला चार रंगांपैकी एक रंग दिला. लाल रंगाचा अर्थ होता, येथे कर्ज देणे धोक्याचे. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास सरसकट लाल झाल्या, आणि हार्लेमही त्यांत होते. गृहकर्जांना सरकारी हमी देणाऱ्या यंत्रणेनेही तोच दृष्टिकोन ठेवला. अशा रीतीने पगार असूनही घर नाही, घर नाही म्हणून तारण नाही, आणि तारण नाही म्हणून दुकानासाठी कर्ज नाही, असे चक्र सुरू झाले. वर्णावरून घर नाकारणे १९६८ च्या कायद्याने बेकायदा ठरले खरे. पण अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीनुसार, मालमत्तेच्या क्रमाने लावल्यास मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर आहे, तर कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार.

खुद्द खेळाडूंनाही हा अनुभव चुकला नाही. डेट्रॉइटचे बास्केटबॉलपटू डेव्ह बिंग व्यावसायिक खेळात नवखे असताना त्यांनी गृहकर्जासाठी अर्ज केला आणि बँकेने तो फेटाळला. बिंग यांनी काय करावे? खेळाचा हंगाम नसलेल्या महिन्यांत ते त्याच बँकेत नोकरीला लागले आणि कर्ज देणारे लोक विचार कसा करतात ते शिकून घेतले. १९८० साली त्यांनी डेट्रॉइटमध्ये पोलाद पुरवण्याचा व्यवसाय सुरू केला, तो मोटार उद्योगाला सुटे भाग पुरवण्यापर्यंत वाढवला आणि २००९ मध्ये ते शहराचे महापौर झाले. २०१३ मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत, डेट्रॉइट शहर दिवाळखोरीत गेले. एका माणसाच्या कर्तबगारीने सावरावे इतके ते लहान दुखणे नव्हते.

आता हार्लेमकडे वळू. १९४७ साली ब्रुकलिन डॉजर्स संघातून खेळून मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतील वर्णभेदाची भिंत पाडणारे जॅकी रॉबिन्सन निवृत्तीनंतर एका कॉफी कंपनीत उपाध्यक्ष झाले. १९६४ मध्ये ते फ्रीडम नॅशनल बँकेच्या संस्थापकांपैकी एक आणि तिचे अध्यक्ष बनले. बँक १२५व्या रस्त्यावरच होती. इतर बँका हार्लेमच्या लोकांच्या ठेवी घेत आणि कर्जे मात्र दुसऱ्या वस्त्यांत वाटत, अशी तक्रार होती. वस्तीचा पैसा वस्तीतच फिरावा हा नव्या बँकेचा हेतू होता. आपल्याकडच्या पतपेढीची ज्यांना सवय आहे, त्यांना ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. ठेवीदार दाराशी यावेत म्हणून रॉबिन्सन यांनी भांडवल म्हणून आणले ते मुख्यतः आपले नाव. या बँकेचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

दुसरे खेळाडू म्हणजे लॉस एंजेलिस लेकर्स या बास्केटबॉल संघाचे मॅजिक जॉन्सन. नोव्हेंबर १९९१ मध्ये एचआयव्हीची लागण झाल्याचे जाहीर करून त्यांनी निवृत्ती पत्करली, तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. व्यवसायासाठी भांडवल मागायला गेल्यावर बँकेतले अधिकारी उत्साहाने सही घेत, सोबत छायाचित्र काढून घेत आणि कर्जाला नकार देत, असे त्यांनीच सांगितले आहे. मानाची पत आणि कर्जाची पत यांतले अंतर याहून स्पष्ट कुठे दिसेल?

१९९५ मध्ये त्यांनी सोनीच्या भागीदारीत लॉस एंजेलिसच्या बाल्डविन हिल्स या कृष्णवर्णीयांच्या भागात अनेक पडद्यांचे चित्रपटगृह उघडले. त्याच्या पहिल्या दिवसाचा किस्सा ते भाषणांत आवडीने सांगतात. खाद्यपदार्थांच्या खिडकीसाठी कंपनीने नेहमीच्या हिशेबाने हॉट डॉग मागवले होते. जॉन्सन यांचे म्हणणे होते की आपले लोक सिनेमाला येतील तेव्हा रात्रीचे जेवणही तिथेच उरकतील, म्हणून माल जास्त लागेल. पहिल्याच दिवशी हॉट डॉग संपले. फळांच्या चवीची गोड पेयेही ठेवा, हाही आग्रह त्यांचाच. १९९८ मध्ये स्टारबक्स या कॉफी-दुकानांच्या साखळीशी निम्म्या-निम्म्या भागीदारीचा करार झाला, तेव्हा त्यांनी काउंटरवरचे स्कोन हे ब्रिटिश धर्तीचे पाव काढून रताळ्याची गोड पाई आणि पीच कॉब्लर हे फळांचे गोड पक्वान्न ठेवायला लावले आणि दुकानात वाजणारे संगीतही बदलले. गिऱ्हाईक नाही म्हणून दुकान नाही, हा समज खोटा ठरवायला बाजारपेठेचा जाडजूड अहवाल लागला नाही. घरात काय खातात ते ठाऊक असलेला माणूस लागला. १२५व्या रस्त्यावर त्यांची कॉफी १९९९ मध्ये आली आणि चित्रपटगृह २००० मध्ये.

यात दानधर्म नव्हता, आणि मला तीच या उपक्रमाची जमेची बाजू वाटते. जॉन्सन यांचा स्वतःचा पैसा भागीदारांच्या पैशापुढे थोडाच होता. पुढे त्यांच्या नागरी गुंतवणूक फंडात कॅलिफोर्नियातील सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा पैसाही आला. आपल्या भाषेत सांगायचे तर ते जामीन राहिले.

पण जामीनदार कायमचा थांबत नाही. २०१० मध्ये जॉन्सन यांनी १०५ कॉफी दुकानांमधला आपला हिस्सा स्टारबक्सला परत विकला. त्यांना नफा झाला, आणि तो त्यांचा हक्कच होता. काउंटरमागे उभे राहणाऱ्या मुलामुलींच्या मालकीचे मात्र काहीच झाले नाही. शिवाय १२५वा रस्ता झगमगू लागला तशी आसपासची भाडी चढली. ती केवळ कॉफीच्या एका दुकानामुळे चढली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण वस्तीत पैसा येणे म्हणजे वस्तीतल्या माणसाकडे पैसा येणे, असे समीकरण नाही, हे हार्लेमच्या भाडेकरूंना समजावून सांगावे लागत नाही.

बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स यांनी २०१८ मध्ये ओहायोतील आपल्या अ‍ॅक्रन गावी शाळा सुरू करताना वेगळा मार्ग निवडला. शाळा सरकारीच ठेवली, आणि पालकांसाठी धान्य-किराणा, मुलांसाठी सायकली असा वरचा खर्च त्यांच्या प्रतिष्ठानने उचलला. चौथीत असताना त्यांची स्वतःची ८३ दिवस शाळा बुडाली होती. तरीही २०२३ मध्ये तिथल्या मुलांच्या गणिताच्या निकालांवरून टीका झालीच. जेवण आणि सायकल तुलनेने लवकर देता येते, गणिताला वर्षे लागतात.

आता रॉबिन्सन यांची बँक. ते १९७२ मध्ये वारले. अखेरच्या वर्षांत तिच्या थकलेल्या कर्जांची चिंता त्यांना लागून होती. ज्यांना दुसरे कोणी उभे करत नव्हते अशांनाच कर्ज द्यायचे, हा बँकेचा हेतू होता, आणि तिची जोखीमही तीच होती. नोव्हेंबर १९९० मध्ये सरकारी नियंत्रकांनी फ्रीडम नॅशनल बँक बंद केली. ठेवींचा विमा त्या काळी एक लाख डॉलरपर्यंतच होता, त्यामुळे सामान्य घरांची बचत वाचली. अडकले ते चर्च आणि समाजसेवी संस्थांचे पैसे, कारण बँक आपली आहे म्हणून त्यांनी मोठ्या रकमा तिथेच ठेवल्या होत्या.