ऐकू येईनासं होतं, तरी कान का वाजतो?

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी उठावं आणि एका कानाला दडा बसलेला असावा. फोन त्या कानाला लावला तर पलीकडचं बोलणं कळत नाही, आत मात्र बारीक शिट्टी नाहीतर घूं घूं सुरू. बहुतेकांना वाटतं मळ असेल, सर्दी असेल. थेंब टाकतात, आठवडा काढतात. माझी कळकळीची विनंती आहे, हा आठवडा घालवू नका.

72 तासांच्या आत ऐकणं किमान 30 डेसिबलनं (डेसिबल हे आवाज मोजायचं माप) घसरलं, तर त्याला अचानक आलेला बहिरेपणा म्हणतात. डॉक्टर कपाळाच्या मधोमध नादकाटा, म्हणजे ठोकला की गुंजणारा धातूचा दोन दातांचा काटा, टेकवतात. मळानं कान बंद असेल तर आवाज त्याच कानात मोठा येतो. आतला कान दुखावला असेल तर आवाज चांगल्या कानाकडे सरकतो. मिनिटभराचं काम, पण पुढची दिशा तिथेच ठरते. मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं ते यंत्रावर मोजणं. दहातल्या नऊ जणांत कारण सापडत नाही, तरीही स्टिरॉइडचा उपचार करतात आणि त्याचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केला तर जास्त होतो. काहींचं ऐकणं आपोआपही परततं, पण त्या भरवशावर कुणी थांबू नये.

आता त्या शिट्टीबद्दल. तिला कर्णनाद म्हणतात आणि या आजारात ती बहुतेकांना ऐकू येते. ज्या कानाला बाहेरचं ऐकू येत नाही, तोच कान वाजतो कसा?

आतल्या कानात वेटोळी नळी असते. तिच्यात आवाज टिपणाऱ्या सुमारे 15 हजार केसपेशी असतात, आणि माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. नळीचा प्रत्येक भाग वेगळे स्वर टिपतो. जो भाग निकामी होतो, त्याच्या स्वरांची खबर मेंदूकडे जाणं थांबतं. मेंदू गप्प बसत नाही. रेडिओवर स्टेशन क्षीण लागलं की आपण बटण पिळतो आणि गाण्याआधी खरखर मोठी होते, तसंच इथे घडतं. कानापासून मेंदूपर्यंतच्या श्रवणमार्गातल्या पेशी आवाज नसतानाही थोड्याफार चेतत असतात. खबर तुटल्यावर त्या जास्त आणि एकसाथ चेतू लागतात, आणि मेंदू त्यालाच आवाज समजतो. म्हणून शिट्टीचा स्वर बहुधा तोच असतो, जिथलं ऐकणं गेलंय. श्रवणाची नस कापली तरी अनेकांचा नाद तसाच राहिल्याचं दिसलंय.

2012 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 18 धडधाकट माणसांनी एका कानात आठवडाभर बोळा घातला. त्यांतल्या 14 जणांना नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, आणि बोळा काढल्यावर ते गेले. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. पेशी मेलेल्या नव्हत्या, फक्त आवाज पोहोचत नव्हता, एवढ्यावर मेंदूनं नाद उभा केला.

मग काहींचा नाद मागे पडतो आणि काहींचा वर्षानुवर्षं छळतो, ते का? ऐकणं किती परतलं, हे एक कारण. दुसरं म्हणजे भीती. मेंदूनं त्या आवाजाला धोका ठरवलं की लक्ष सारखं तिकडेच जातं, झोप उडते, आणि झोप उडाली की नाद आणखी टोचतो. ‘आता हे असंच राहणार’ असं रुग्णाला तुटकपणे सांगणं म्हणूनच मला क्रूर वाटतं. नाद तेवढाच राहूनही त्याचा जाच पुष्कळ कमी होऊ शकतो, हेही त्याच वेळी सांगायला हवं. त्यासाठी विचार आणि वागणूक बदलण्याची समुपदेशन पद्धत आहे, तिचा पुरावा चांगला आहे.

अगदी निःशब्द खोलीत झोपू नका. पंखा किंवा पावसाच्या आवाजाचं हळू ध्वनिमुद्रण चालू ठेवा. नाद बुडवून टाकण्याइतकं मोठं नको, शेजारी ऐकू येईल एवढंच. त्या कानात थोडं ऐकू येत असेल तर श्रवणयंत्र लावून पाहा. तुटलेली खबर थोडीफार पुन्हा पोहोचू लागते आणि कित्येकांचा नाद मागे सरतो. कान पूर्ण गेला असेल, तर कॉक्लियर इम्प्लांटनं, म्हणजे शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवलेल्या, नसेला थेट विजेचे संकेत देणाऱ्या यंत्रानं, ऐकणं सुधारण्याबरोबर नादही कमी झाल्याचं अनेक रुग्णांत आढळलंय. त्याबद्दल आपल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना अवश्य विचारा.

नमस्कार.