गोरोबाकाकांचं तेर

श्रोतेहो, नमस्कार.

प्राचीन शहर म्हटलं की आपल्याला काशी आठवते, उज्जैन आठवतं, फार तर आपलं पैठण. तेर कुणाला पटकन आठवत नाही. धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी हे गाव आहे. एसटीतून उतरलात तर समोर चहाची टपरी, खताचं दुकान, पारावर बसलेली चार माणसं. इथे एके काळी 'तगर' नावाची भरभराटलेली बाजारपेठ होती, असं कुणी सांगितलं तर खरं वाटू नये.

पण होती. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या माहितीपुस्तकात तगरचं नाव आहे. पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, असं तो म्हणतो. इथलं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदरापर्यंत जायची. पुढे कित्येक शतकांनी कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. राज्य कुठलं आणि अभिमान कुठला! मूळ गाव सांगायची हौस आपल्याकडे जुनीच दिसते.

मी हे सगळं वाचून, डोक्यात रोमशी चालणारा तो जुना व्यापार घेऊनच तेरला गेलो होतो. पारावरच्या एका आजोबांना विचारलं, "वस्तुसंग्रहालय कुठंय हो?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कुठनं आलाव?" मी सांगितलं. "मग आधी काकांचं दर्शन घ्या. म्युझियम कुठं पळून चाललंय?" आणि ते स्वतःच उठले, चप्पल पायात सरकवली आणि पुढे चालू लागले.

काका म्हणजे संत गोरोबाकाका, गोरा कुंभार. नदीकाठी त्यांची समाधी आहे, शेजारी काळेश्वराचं देऊळ. गावात त्यांचं घरही दाखवतात. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं तपासलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ती गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. पण तेरमध्ये ती ऐकावी. आजोबांनी सांगताना हात असा काही उगारला की मीच मान बाजूला घेतली. नामदेव कसे रागावले, हे ते परवा शेजारी घडलेल्या भांडणासारखं सांगत होते.

मग त्रिविक्रमाचं देऊळ. अभ्यासकांना तेरला ओढून आणतं ते हेच. विटांनी बांधलेलं, मागची बाजू अर्धगोल, वर हत्तीच्या पाठीसारखं गोलसर छप्पर. असे चैत्य, म्हणजे बौद्धांची प्रार्थनागृहं, आपण लेण्यांमध्ये डोंगरात कोरलेले पाहतो. जमिनीवर विटांनी रचलेले, आजवर उभे राहिलेले फार थोडे. आंध्रातल्या चेझर्ल्याला असंच एक आहे. आत त्रिविक्रमरूपातला विष्णू, रोजची पूजा, उदबत्तीचा वास. विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात, असं आजोबांनी छातीठोकपणे सांगितलं. देवळाची वीट काढून पाहणं शक्य नव्हतं, त्यामुळे मी मान डोलावली.

संग्रहालयाची वेळ व्हायच्या आधी त्यांच्या घरी जेवण झालं. 'नको' म्हणायची सोयच नव्हती. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगाचटणी, कांदा. आजींनी तिसरी भाकरी ताटात टाकली ती न विचारता. "शहरातली माणसं लाजतेत," एवढंच म्हणाल्या.

आणि मग लामतुरे संग्रहालय. रामलिंगप्पा लामतुरे हे याच गावचे व्यापारी. पावसाळ्यात टेकाडावरची माती वाहून गेली की तेरच्या शिवारात मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर यायच्या, आजही येतात. इतरांना ते खापराचे तुकडे होते. या माणसानं ते आयुष्यभर जमवले आणि त्यांच्या संग्रहातूनच हे शासकीय संग्रहालय उभं राहिलं. त्यातली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा जरूर पाहा. वीतभरही नाही, पण अंगावरचा दागिना न् दागिना मोजून घ्यावा. तिच्या वळणाची एक हस्तिदंती मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईच्या अवशेषांत सापडली. पाँपेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिकडे पोचलेली. तिथपर्यंत नेमकी कुठून आणि कशी गेली, यावर विद्वानांचे वाद आहेत. आजोबांच्या मते वाद कसला, इथूनच गेली.

चैत्रात, वद्य त्रयोदशीच्या सुमारास गोरोबाकाकांची यात्रा भरते. गर्दी सोसत असेल तर तेव्हा जा, भजनं ऐकायला मिळतील. नाहीतर थंडीत जा. डबा मात्र बांधून नेऊ नका. नेलात तर तो तसाच परत आणावा लागेल.

नमस्कार.