संदर्भ हवा

(दृश्य: तान्हा पोळा. नागपूरच्या इतवारी-महाल भागातली गर्दी, पिवळी मारबत हा बाईचा पुतळा, मागून येणारे बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे.)

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरातली लहान मुलं लाकडी नंदी घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. त्याच दिवशी जुन्या शहराच्या रस्त्यांवरून काळी आणि पिवळी मारबत निघते. 'इडा, पीडा घेऊन जाय गे मारबत' ही आरोळी इथल्या पोराटोरांच्या तोंडी असते. काळी मारबत कोण, हे इथं कुणालाही विचारा. भोसल्यांची राणी बांकाबाई इंग्रजांना सामील झाली, तिच्या रागातून लोकांनी हा पुतळा काढला, असं उत्तर मिळेल.

आता हेच वाक्य मराठी विकिपीडियावर लिहून पाहा.

(दृश्य: संगणकाचा पडदा. 'संपादन' ही कळ दाबली जाते.)

महाल भागात राहणारी ही कॉलेजची विद्यार्थिनी नुकतीच लिहायला लागली आहे. तिनं टंकलं : 'काळी मारबत ही बांकाबाईची प्रतिमा आहे.' बदल जतन झाला. काही वेळानं वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात दोन शब्द उमटले : संदर्भ हवा.

तिला राग आला. "माह्या आजीनं सांगितलं, तिनं तिच्या सासूकडून ऐकलं. आता याला आणखी कोणता पुरावा पाह्यजे?"

तिचा राग खरा आहे, आणि नियमही योग्य आहे. सावंतवाडीत बसलेला वाचक तिच्या आजीला विचारायला येऊ शकत नाही. म्हणून इथं लिहिलेली गोष्ट वाचकाला स्वतः पडताळता आली पाहिजे. आपल्याला माहीत आहे, आपण पाहिलं आहे, आपण शोधून काढलं आहे, एवढ्यावर ज्ञानकोशात वाक्य टिकत नाही. ती गोष्ट आधी कुणीतरी, कुठंतरी जबाबदारीनं छापलेली असावी लागते.

यामागचं कारण समजून घ्यायला थोडं मागं जाऊ या. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. त्यासाठी उभं केलेलं ज्ञानकोश मंडळ नागपूरचंच. त्या खंडांमागे केतकरांचं नाव होतं, त्यांची विद्वत्ता होती. चूक निघाली तर कुणाला विचारायचं हे ठाऊक होतं. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला असा एक केतकर नाही. लिहिणारा कोण, त्याचं शिक्षण किती, हे कुणी विचारत नाही. मग भरवसा ठेवायचा कशावर? वाक्याखाली दिलेल्या हवाल्यावर. इथं संपादकाच्या खुर्चीत नियम बसलेले आहेत, आणि मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते, कारण तिथं आजीची नात आणि प्राध्यापक एकाच मापानं मोजले जातात.

पण हवाला म्हणजे इंटरनेटवरचा दुवाच, हा समज मात्र काढून टाकायला हवा. विदर्भाबद्दल लिहिणाऱ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान या समजानं केलं आहे. छापील पुस्तक चालतं, जुनं वर्तमानपत्र चालतं. लेखक, ग्रंथ, प्रकाशक, साल आणि पान क्रमांक एवढं नीट दिलं की पुरे. पुस्तक ऑनलाइन नसलं तरी बिघडत नाही. कुणीतरी ग्रंथालयात जाऊन ते उघडू शकतो, एवढं बास.

(दृश्य: सीताबर्डी, झाशी राणी चौक. ग्रंथालयातली कपाटं, पानांवरून फिरणारं बोट.)

विदर्भ साहित्य संघाच्या 'युगवाणी' या नियतकालिकाचे जुने अंक, १९०८ चं नागपूर जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर, 'हितवाद' या इंग्रजी दैनिकाच्या फायली. खजिना आहे, फक्त पानं उलटायला माणूस हवा. अर्थात गॅझेटियर इंग्रज सरकारचं होतं; त्यानं बांकाबाईबद्दल काय म्हणावं आणि लोकांनी काय म्हणावं, यात अंतर राहणारच. अशा वेळी तटस्थ दृष्टिकोनाचा नियम कामी येतो. दोन्ही बाजू मांडायच्या आणि कोण काय म्हणतं ते नावानिशी सांगायचं.

तिनं वाक्य बदललं : 'काळी मारबत ही बांकाबाईची प्रतिमा असल्याची लोकसमजूत आहे.' पुढं पुस्तकाचं नाव आणि पान. पहिल्या वाक्यात ज्ञानकोश स्वतः निवाडा देत होता. दुसऱ्यात तो लोक काय मानतात ते सांगतो, आणि तेवढं सिद्ध करता येतं.

आकड्यांचंही तसंच. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४,०५,६६५ आणि जिल्ह्याची ४६,५३,५७०. शहराच्या लेखात जिल्ह्याचा आकडा शिरला की गावाची वस्ती एका झटक्यात जवळपास दुप्पट होते. आकड्याखाली जनगणनेचा हवाला असेल, तर पुढचा माणूस दोन मिनिटांत दुरुस्त करतो.

बाकीचे नियम हात चालला की अंगवळणी पडतात. वर्तमानपत्रातला मजकूर जसाच्या तसा उचलायचा नाही; त्यावर प्रताधिकार असतो. आपल्याच संस्थेचं, आपल्याच काकांचं कौतुक लिहायचं नाही. हयात माणसाबद्दल लिहिताना तर दुप्पट काळजी. सरावाला धूळपाटी आहे, तिथं हवी तेवढी खाडाखोड करा. मोठी शंका असली तर चावडी, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेचं पान, आहे.

कुणी आपला बदल उलटवला, तर तोच पुन्हा टाकून भांडण वाढवायचं नाही. लेखाच्या चर्चा पानावर जायचं, मुद्दा मांडायचा, शेवटी सही करायची. समोरचाही लेख सुधारायलाच आला आहे, असं धरून बोलायचं. 'इतिहास पहा' उघडलं तर प्रत्येक काना-मात्रेची नोंद दिसते : कुणी, केव्हा, काय बदललं. त्यामुळं काहीही कायमचं बिघडत नाही.

तरी एक अडचण उरते, आणि ती विकिपीडियाची नाही, आपली आहे. विदर्भातलं कितीतरी अजून छापलंच गेलेलं नाही. दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं, मारबत बनवणाऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या आठवणी अजून बोलण्यातच आहेत. त्या थेट ज्ञानकोशात घालता येत नाहीत. आधी कुणीतरी बसून विचारायला हवं, लिहून काढायला हवं, नियतकालिकानं ते तपासून छापायला हवं. उत्सव मंडळांच्या जुन्या स्मरणिका घराघरांतल्या पेट्यांमध्ये पडून आहेत. मंडळ त्यात स्वतःबद्दलच सांगतं, म्हणून त्या जपून वापरायच्या. पण त्यांवर साल असतं, लिहिणाऱ्याचं नाव असतं, पान क्रमांक असतो. तुमच्या घरी अशी एखादी असेल, तर तिची प्रत जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या. दाखल करताना ग्रंथपालांकडून नोंद क्रमांक मागून घ्या.