उरलेलं पाया सूप आणि छापलेलं हृदय

उरलेलं पाया सूप फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी त्याची जेली झालेली असते, चमचा लावला की थरथरते, आणि गॅसवर ठेवली की दोन मिनिटांत परत पाणी. ही करामत जिलेटिनची. आणि जिलेटिन येतं कोलॅजेनपासून, म्हणजे आपली त्वचा, हाडं, हृदयाच्या झडपा ज्याच्या जोरावर उभ्या आहेत ना, तेच प्रोटीन.

आता शरीराचे भाग बनवायला हे कोलॅजेन थ्रीडी प्रिंटरमधून, म्हणजे थरावर थर रचत, छापायचं म्हटलं तर पंचाईत अशी, की ते उभंच राहत नाही. प्लास्टिक गार झालं की कडक होतं, त्याच्यावर पुढचा थर चढतो. कोलॅजेन बसतं पसरून.

अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटी आहे, तिथे ॲडम फाइनबर्ग यांच्या टीमने २०१५ मध्ये यावर जो उपाय प्रसिद्ध केला त्याचं नाव 'फ्रेश'. हवेत छापायचंच नाही, जिलेटिनच्या लगद्याच्या आत छापायचं. आणि लगदा कसा केला, तर चक्क घरात वापरतात तसल्या ब्लेंडरमधून जेली फिरवून! मला हे फार आवडतं. हा लगदा श्रीखंडासारखा वागतो, सुई फिरेल तिथे वाट देतो आणि सुई पुढे गेली की होता तसा स्थिर, त्यामुळे आत सोडलेली रेघ सोडली तिथेच राहते.

शाई, म्हणजे ते कोलॅजेन, पण कमी नाही. कोलॅजेन आम्लात असतं तोवर पातळ. लगद्यात ते आम्लपण मारणारं द्रावण असतं, सुईतून बाहेर आलं की जागच्या जागी घट्ट. मग सगळं भांडं ३७ डिग्रीला, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेला ठेवायचं. लगदा वितळून जातो, छापलेलं तेवढं उरतं, आणि सोबत जिवंत पेशी छापल्या असतील तर त्यांना काही त्रास नाही, त्यांना तर तीच ऊब हवी असते.

२०१९ पर्यंत लगद्याचे कण बारीक आणि एकसारखे झाले आणि रेघ २० मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आली, केसापेक्षा कितीतरी बारीक. त्यांनी हृदयाच्या जवनिकेचं, म्हणजे खालच्या कप्प्याचं, छोटं मॉडेल जिवंत पेशी घालून छापलं आणि ते आकुंचन पावत होतं, भिंत १४ टक्क्यांपर्यंत जाड होत होती. लगेच बातम्या, हृदय छापलं! अहो, इवलीशी वाटी होती ती, माणसाला बसवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

खरं घोडं अडतं रक्तपुरवठ्यापाशी. रक्तवाहिनीपासून १००-२०० मायक्रॉनच्या पलीकडे पेशी उपाशी मरतात. इथे हार्वर्डच्या जेनिफर लुईस यांच्या लॅबने प्लुरॉनिक नावाचं एक जेल वापरलं, २०१४ मध्ये, आणि हे जिलेटिनच्या बरोब्बर उलटं, गरम असताना घट्ट, गार केलं की पातळ. त्याच्या रेघा छापायच्या, भोवती पेशींचं जेल ओतायचं, गार करायचं, प्लुरॉनिक वाहून जातं आणि मागे पोकळ नळ्या उरतात. मेणाचा साचा वितळवून पितळी मूर्ती ओतणाऱ्या कारागिराला हे समजावून सांगायची गरज नाही.

आणि लिओनिड आयोनोव्ह या शास्त्रज्ञांच्या ग्रुपने २०१७ मध्ये नळी छापलीच नाही. अल्जिनेट, म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेला चिकट पदार्थ, त्याची पेशींसकट पातळ फिल्म छापली, थोडी सुकवली, द्रवात सोडली, आणि सुरळीच्या वडीसारखी ती स्वतःच गुंडाळली गेली. आतली पोकळी २० मायक्रॉनपर्यंत बारीक, आणि त्यात अडकलेल्या पेशी सात दिवसांनी बघितल्या तरी जिवंत.