विचारणं वेगळं, अर्ज देणं वेगळं

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तुमच्यापैकी बरेच जण तहसील कार्यालयात गेले असाल. खिडकीपाशी जाऊन तुम्ही विचारता, "दाखला झाला का?" दिवसातून दहा वेळा विचारलंत तरी आत काही बदलत नाही. पण अर्ज दिलात की कारकून तो आवक नोंदवहीत चढवतो, शिक्का मारतो, क्रमांक टाकून पोच देतो. तोच अर्ज पुन्हा दिलात तर दुसरी नोंद होते. वेबवरच्या फॉर्ममध्ये चुकतं ते बहुतेक वेळा हा फरक विसरल्यामुळे, असं माझं इतक्या वर्षांच्या कामानंतरचं मत आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधनसंस्थेत वेब उभं केलं, तेव्हा, म्हणजे १९९१ च्या एचटीटीपीत (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या नियमांत), एकच क्रियापद होतं: गेट. अमुक पान द्या, एवढंच. शोधायचा एखादा शब्द पत्त्याला जोडता यायचा, पण वाचकाला स्वतःचं काही तिकडे सुपूर्द करायची सोय नव्हती. १९९३ मध्ये मोझॅक ब्राउझरमध्ये फॉर्म दिसू लागले, नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २.० मध्ये, म्हणजे पानं लिहायच्या भाषेत, ते रीतसर आले आणि मे १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात गेटच्या शेजारी पोस्ट नोंदलं गेलं. गेट म्हणजे खिडकीवरची विचारणा. पोस्ट म्हणजे आत दिलेला अर्ज.

आता ब्राउझर सर्व्हरकडे, म्हणजे पलीकडच्या यंत्राकडे, पाठवतो ते पाकीट उघडून बघू. 'सादर करा' दाबलं की ब्राउझर प्रत्येक रकान्याची जोडी करतो: रकान्याचं नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग तुम्ही भरलेला मजकूर. ज्या रकान्याला कोडमध्ये 'नेम' दिलेलं नाही, तो पडद्यावर कितीही ठळक दिसला तरी पाकिटात जात नाही. टिक न केलेला चौकोनही जात नाही. त्याचं 'नाही' असं उत्तर सर्व्हरला मिळत नाही, तो रकाना मुळात आलेलाच नसतो. नवीन मुलं इथे तासन्‌तास अडकतात.

गेट असेल तर या जोड्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हामागे लागतात. शोधासाठी ते उत्तमच, कारण तो पत्ता मैत्रिणीला पाठवला की तिलाही तोच शोध दिसतो. पण फॉर्ममध्ये पद्धत (गेट की पोस्ट) लिहायची राहिली तर ब्राउझर गेटच धरतो, आणि मग पासवर्डसुद्धा पत्त्यात उमटतो, ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या नोंदींतही राहतो. पोस्टमध्ये जोड्या विनंतीच्या पोटात जातात. तेवढ्यानं त्या सुरक्षित होत नाहीत. वाटेत मजकूर झाकायचं काम एचटीटीपीच्या कुलूपबंद रूपाचं, एचटीटीपीएसचं.

हा फरक न पाळल्यानं काय होतं, ते २००५ मध्ये साऱ्या जगाला दिसलं. गूगलनं वेब अ‍ॅक्सिलरेटर आणलं. पानावरच्या लिंका ते आधीच उघडून ठेवायचं, म्हणजे पुढचं पान लवकर दिसावं. पण काही वेब अ‍ॅप्समध्ये 'काढून टाका' हीसुद्धा साधी गेट लिंक होती. यंत्रानं विचारणा समजून ती उघडली आणि लोकांच्या नोंदी पुसल्या गेल्या. विचारल्यानं काही बदलत नाही, या भरवशावर ते यंत्र चाललं होतं. भरवसा मोडला होता तो लिंक लिहिणाऱ्यांनी.

माझ्या हातूनही एक चूक झाली, ती सांगितलीच पाहिजे. एका शिक्षणसंस्थेसाठी मी शिष्यवृत्तीचा फॉर्म केला होता. शेवटच्या दिवशी नेट रखडलं. मुलांनी बटण दाबलं, पान हलेना, म्हणून पुन्हा दाबलं. दोन अर्ज आत गेले. छाननीत दुहेरी अर्ज थेट बाद करायचा नियम होता, आणि एका मुलीचे दोन्ही अर्ज बाद झाले. तिचे वडील कागद घेऊन संस्थेत आले, तेव्हा आम्हाला कळलं. त्यांच्या मुलीनं काहीही चुकीचं केलं नव्हतं. आवक क्रमांकाची व्यवस्था मी केली नव्हती.

ती अशी करतात. फॉर्म दाखवतानाच सर्व्हर त्यात एकदाच चालणारा क्रमांक लपवून ठेवतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद न करता पहिलीच पोच दाखवायची. शिवाय अर्ज स्वीकारल्यावर थेट पान न देता ३०३ हा संकेत द्यायचा, म्हणजे ब्राउझर पोचीच्या पानावर गेटनं जातो. आता त्या मुलीनं पान दहा वेळा रिफ्रेश केलं तरी ती विचारणाच ठरते.

ब्राउझरमधली तपासणी भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते. ती कुणालाही बंद करता येते, म्हणून प्रत्येक रकाना सर्व्हरवर पुन्हा तपासायचा. यावर जास्त बोलत नाही, तुमच्या अभ्यासक्रमात ते आहे.

जे अभ्यासक्रमात नसतं ते मराठीचं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात, आणि पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटची टक्क्याच्या चिन्हासकट ३ अक्षरं होतात. 'पुणे' म्हणजे प, उकार, ण, मात्रा: ४ खुणा, १२ बाइट, पत्त्यात ३६ अक्षरं. आता 'ज्ञानेश्वर' घ्या. डोळ्यांना चारच अक्षरं दिसतात, पण पाय मोडल्याच्या खुणा धरून १० खुणा होतात, म्हणजे ३० बाइट. डेटाबेसचा रकाना २० बाइटांत कापणारा असेल, तर १८ बाइटांत 'ज्ञाने' बसतं आणि पुढचा 'श' अर्ध्यात तुटतो. त्या माणसाच्या दाखल्यावर 'ज्ञाने' आणि एक चौकोन छापला जातो. आकड्यांचंही तसंच. जावास्क्रिप्टमधली अंक ओळखायची नेहमीची खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते. ९८ असं देवनागरीत टाइप करणाऱ्या आजोबांना 'क्रमांक चुकीचा आहे' असं उत्तर मिळतं. क्रमांक बरोबर असतो. ते अंक इंग्रजीत बदलून घ्यायला कोडच्या दोन ओळी पुरतात.

आता लॅपटॉप उघडा, एफ-१२ दाबा आणि नेटवर्कच्या टॅबवर जा. तुम्ही स्वतः केलेला कुठलाही फॉर्म भरा आणि पाकिटात काय काय गेलं ते वाचा. नावाच्या रकान्यात ज्ञानेश्वर घाला आणि बटण दोनदा दाबा.